ॲनिमेचं परीक्षण आणि चाहतेपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ-दहा वर्षं मी ॲनिमे मालिकांवर मराठीत लिहितेय. लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, मुंबईच्या कॉमिक कॉनच्या रांगेत तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते. काही लांब झाली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत. ज्या प्रश्नात जितकं सापडलं तितकं लिहिलं.

ॲनिमे म्हणजे कार्टूनच ना?

हो. जपानी माणूस तर कुठल्याही देशातल्या ॲनिमेशनला 'ॲनिमे' म्हणतो. तो शब्द फक्त जपानी मालिकांपुरता वापरायची सवय बाहेरच्या चाहत्यांची, म्हणजे आपली. तुमच्या प्रश्नातल्या 'च'चं उत्तर मात्र पुढच्या सगळ्या प्रश्नांत विखुरलेलं आहे.

हे वेड लागलं कधी?

नकळत लागलं. रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा तेव्हा आमच्या वाड्यात सामसूम व्हायची. मोगली जपानी आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची, जंगल आपल्या सिवनीचं. परकं वाटायचं कारणच नव्हतं. ती 'निप्पॉन ॲनिमेशन'ने १९८९ मध्ये केलेली ५२ भागांची मालिका होती, हे मला कळलं ते विशीत. त्याआधी, २००४ मध्ये, भारतात ॲनिमॅक्स ही ॲनिमेची वाहिनी आली आणि मी केबलवाल्याच्या मागे लागून ती लावून घेतली. आईला वाटलं अभ्यासाचं चॅनल असेल. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

दर आठवड्याला एकेका भागावर लिहायचं, की मालिका संपल्यावर एकदाच?

मी दोन्ही करून पाहिलंय, आणि दोन्हींत वेगवेगळ्या प्रकारे तोंडावर आपटलेय.

जपानमध्ये टीव्हीचं वर्ष चार हंगामांत विभागलेलं असतं: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. एका हंगामाच्या तुकड्याला 'कूर' म्हणतात आणि त्यात बारा-तेरा भाग बसतात. म्हणजे साप्ताहिक लिहिणारा माणूस तीन महिने एका मालिकेबरोबर राहतो. त्यात मजा आहे. पुढे काय होणार याचे अंदाज बांधता येतात, चुकता येतं, इतरांशी वाद घालता येतो. पण घोटभर पिऊन अख्ख्या विहिरीचा निकाल द्यायची सवयही लागते.

२०११ ची 'माहौ शोजो मादोका मागिका' घ्या. पहिले दोन भाग बघून गोड, गुलाबी, जादूच्या छडीवाल्या मुलींची मालिका म्हणून ती अनेकांनी बाजूला टाकली होती. तिसऱ्या भागाने सगळ्यांची बोलती बंद केली. त्यात काय होतं ते सांगत नाही. आणखी एक गोष्ट अशी की, ११ मार्चच्या भूकंपानंतर शेवटचे दोन भाग लांबणीवर पडले आणि एप्रिलच्या उत्तरार्धात दाखवले गेले. त्या मधल्या आठवड्यांत जपानी प्रेक्षक दुहेरी ओझं घेऊन शेवटाची वाट बघत होते. आज कुणी बाराही भाग एका रात्रीत संपवले तर ती वाट बघणं त्याच्या वाट्याला येत नाही. मालिका तीच असली तरी बघणं तेच राहत नाही.

म्हणून आता माझी पद्धत अशी: साप्ताहिक टिपणं वहीत, परीक्षण शेवटी. त्या टिपणांतले माझे चुकलेले अंदाज मी परीक्षणात मुद्दाम ठेवते. शेवट माहीत झाल्यावर 'मला आधीच वाटलं होतं' असं लिहिण्याचा मोह फार मोठा असतो.

तीन भाग बघून ठरवावं, हा नियम खरा का?

मादोकाने तो पक्का केला एवढंच. बारा भागांच्या मालिकेला तीन भाग दिले तर पाव मालिका झाली, तेवढं पुरे आहे. 'वन पीस' ऑक्टोबर १९९९ पासून चालू आहे आणि हजार भाग कधीच ओलांडून पुढे गेलंय. तिथे तीन भाग म्हणजे दारातून चपला बघून परत येणं. आणि सोडलेल्या मालिकेवर परीक्षण लिहायचं असेल तर कितव्या भागावर सोडली हे पहिल्या ओळीत लिहा. एवढा प्रामाणिकपणा परवडतो.

तुम्ही दहापैकी गुण का देत नाही?

पूर्वी द्यायचे. साडेसात आणि आठ यांच्यात तासभर घोळ घालायचे आणि वाचणारे तेवढा आकडा बघून निघून जायचे.

शिवाय चाहत्यांच्या याद्यांमधल्या सरासरीचा एक गंमतशीर दोष आहे. एखाद्या मालिकेचा दुसरा हंगाम पहिल्यापेक्षा वरच्या क्रमांकावर का दिसतो? बहुतेकदा एवढंच घडलेलं असतं, की ज्यांना पहिला आवडला नाही ते निघून गेले आणि उरलेल्या भक्तांनी मतदान केलं. तिसऱ्या हंगामाला तर भजनी मंडळच शिल्लक राहतं. 'मायॲनिमेलिस्ट' या चाहत्यांच्या गुण देण्याच्या संकेतस्थळावर नवव्या-दहाव्या क्रमांकाला एखादा चौथा हंगाम दिसला की घाबरून जाऊ नका, आणि पहिल्या वीसात नाही म्हणून एखादी मालिका टाकूही नका.

'ॲनिमेशन छान आहे' असं म्हटलं की तुम्ही चिडता का?

चिडत नाही. 'जेवण छान होतं' असं म्हणणाऱ्याला आपण विचारतो ना, भाजी की आमटी? तसं विचारते.

थोडं मागे जाऊ. १ जानेवारी १९६३ ला ओसामु तेझुकांची 'तेत्सुवान आतोमु' सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग. डिस्नेसारखं प्रत्येक हालचालीचं चित्र काढत बसलं तर असला भाग आठवड्यात होणं अशक्य. मग स्थिर चित्रं वापरली, बोलताना फक्त ओठ हलवले, एकदा काढलेल्या हालचाली जपून ठेवून पुन्हा वापरल्या. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) असतात, पण एक चित्र तीन चौकटी धरून ठेवलं की सेकंदाला आठ चित्रांत भागतं. ही काटकसर जपानी टीव्ही ॲनिमेशनच्या हाडीमाशी भिनली, आणि पुढच्या पिढ्यांनी तिच्यातूनच शैली काढली. 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन'मध्ये दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत असं एक दृश्य आहे. जवळजवळ मिनिटभर काहीच हलत नाही. पैसा आणि वेळ वाचवणारं दृश्य आहे, पण बघताना आपल्याच घशाशी आवंढा येतो. तिथे 'ॲनिमेशन कमी आहे' असं लिहिणाऱ्याने दृश्य पाहिलं, पण तिथली शांतता ऐकली नाही.

उलट टोकाला 'साकुगा'. मूळ अर्थ नुसता 'चित्र काढणं', पण चाहते हा शब्द एखाद्या चित्रकाराचा हात ओळखू येईल अशा झळाळत्या तुकड्यासाठी वापरतात. महत्त्वाच्या मुद्रा काढणारा 'गेंगा'वाला वेगळा, मधली चित्रं भरणारा 'दोउगा'वाला वेगळा. मधली चित्रं भरणाऱ्यांना बरेचदा चित्रागणिक मोबदला मिळतो आणि तो फार तुटपुंजा असतो. शेवटची नावं पळत असतात तेव्हा ती थांबवून वाचायची सवय लावा. मला ती 'शिरोबाको' या २०१४ च्या मालिकेमुळे लागली. २४ भागांत ती फक्त ॲनिमे कसं बनतं एवढंच सांगते: धावपळ करणारी मुलगी, न पोचलेली चित्रं, फोन न उचलणारा कलाकार. लग्नघरात मांडव पडायची वेळ झाली आणि आचाऱ्याचा पत्ता नाही, तसा जीव तिच्यात चोवीस भाग टांगलेला असतो.

स्टुडिओचं नाव बघून मालिका निवडावी का?

लोक सांगतात तितका उपयोग होत नाही. 'वन पंच मॅन'चा पहिला हंगाम २०१५ मध्ये 'मॅडहाउस'ने केला, दुसरा २०१९ मध्ये 'जे. सी. स्टाफ'ने, आणि चाहत्यांनी दुसऱ्या स्टुडिओच्या नावाने बोटं मोडली. खरं तर पहिल्या हंगामात दिग्दर्शक शिंगो नात्सुमे यांनी ओळखीपाळखीतून बाहेरचे उत्तमोत्तम चित्रकार गोळा केले होते. ती माणसं पांगल्यावर पाटी कुणाचीही असती तरी फरक पडलाच असता.

दुसरं असं, की मालिकेचा मालक सहसा स्टुडिओ नसतो. प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणीवाले असे चार-सहा जण मिळून 'सेइसाकु इइन्काई' म्हणजे निर्मिती समिती करतात, पैसे घालतात आणि नफा वाटून घेतात. स्टुडिओला बऱ्याचदा ठरलेली मजुरी मिळते. त्यामुळे मालिका तुफान चालली आणि करणारे मात्र कंगाल, हे चित्र दिसतं.

'क्योटो ॲनिमेशन' याला अपवाद मानला जातो. चित्रकारांना पगारावर ठेवायचं, स्वतःच्या शाळेत शिकवायचं, घाई करायची नाही. तिथे मात्र पाटीला खरंच अर्थ आहे, कारण वर्षानुवर्षं तीच माणसं होती. १८ जुलै २०१९ ला त्यांच्या स्टुडिओला आग लावली गेली आणि ३६ जण गेले. त्या दिवशी मी त्यांच्या एका जुन्या मालिकेची नावांची यादी उघडून बसले होते. एकेक नाव वाचत, बातमीत अजून न आलेल्या नावांशी ताडत. आपण ज्यांना ओळखत नाही त्यांची काळजी इतकी का वाटावी, असं नवऱ्याने विचारलं. मला सांगता आलं नाही.

सब (मूळ आवाज, खाली सबटायटल) की डब (दुसऱ्या भाषेतले आवाज)?

या प्रश्नावर मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्यात. माझं उत्तर जरा बाजूने जाईल.

आपण बहुतेक जण जपानी आवाज ऐकतो, इंग्रजी अक्षरं वाचतो आणि विचार मराठीत करतो. यातला मधला दुवा सगळ्यात कच्चा आहे. जपानीत माणूस कुणाला काय म्हणून हाक मारतो यावर अर्ध नातं उभं असतं. नावापुढे 'सान', 'कुन', 'चान', की काहीच नाही? आडनाव की नाव? इंग्रजी सबटायटल करणारे बरेचदा पहिल्या भागापासून सगळ्यांना पहिल्या नावानेच बोलावतात. मग अकराव्या भागात नायक तिला पहिल्यांदा नावाने हाक मारतो, ती दचकते, संगीत बदलतं, आणि सबटायटलमध्ये काहीच घडलेलं नसतं! आपल्याला हे कळायला टीप लागत नाही. 'अहो'वरून 'अगं'वर येणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. 'ओनीचान'चा अनुवाद इंग्रजीत भावाचं नाव घालून करतात. आपल्याकडे 'दादा' तयार आहे.

माझं आवडतं उदाहरण माकोतो शिंकाई यांच्या 'किमी नो ना वा' या २०१६ च्या चित्रपटातलं. गावातल्या मुलीचा जीव टोकियोतल्या मुलाच्या शरीरात गेलाय. मित्रांशी बोलताना ती सवयीने 'वाताशी' म्हणते, म्हणजे 'मी', पण मुलाच्या तोंडी विचित्र वाटणारं. मित्र बघत राहतात. मग ती 'वाताकुशी' म्हणून बघते, मग 'बोकु', आणि शेवटी 'ओरे' म्हटल्यावर कुठे त्यांच्या माना डोलतात. इंग्रजीत या सगळ्यांना एकच शब्द आहे, म्हणून विनोद समजावून सांगावा लागतो. मराठीतही 'मी' एकच, पण आपलं क्रियापद चुगलखोर आहे: 'मी वाट चुकले... म्हणजे, चुकलो.' झालं काम. थिएटरात हे दृश्य मी मनातल्या मनात मराठी केलं आणि शेजारच्याच्या आधी हसले.

तर उत्तर: कसंही बघा. माझा भाचा सगळं हिंदीतून बघतो, आणि हिंदीत 'तू-तुम-आप' असल्यामुळे त्याला कधी कधी इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा जास्त कळलेलं असतं. डब बघणाऱ्याला कमी लेखणारे चाहते मला कमालीचे कंटाळवाणे वाटतात. परीक्षण लिहिताना मात्र कुठल्या भाषेत पाहिलं ते नोंदवा. आवाजाच्या अभिनयाबद्दल लिहिताना तर नक्कीच.

एखादं परीक्षण तुम्ही प्रत्यक्ष कसं लिहिता? उदाहरण द्याल?

'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू' घेते. २०१६ च्या जानेवारीत पहिले १३ भाग आले, पुढच्या वर्षी १२.

राकुगो ही जपानी कथाकथनाची जुनी कला. कलाकार आसनावर गुडघे मोडून बसतो, हातात पंखा आणि छोटा रुमाल. उठायचं नाही. पंखाच चॉपस्टिक होतो, पंखाच तंबाखूची नळी. मान एका बाजूला वळवली की घरमालक, दुसऱ्या बाजूला वळवली की भाडेकरू. एकपात्री प्रयोग पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हे लगेच घरचं वाटतं, फक्त आपला एकपात्री नट रंगमंचभर फिरतो आणि यांना आसनाबाहेर पाय टाकायची मुभा नाही.

मालिकेत तुरुंगातून नुकताच सुटलेला एक उडाणटप्पू थोर राकुगो कलाकार याकुमो यांच्याकडे शिष्य करून घ्या म्हणून हटून बसतो. पहिलं टिपण मी लिहिलं ते असं: 'बसलेला माणूस दहा मिनिटं बोलतोय. ॲनिमेशनमध्ये. वेडे आहेत का हे?' परीक्षणाची सुरुवात मला नेहमी अशा वेडेपणाच्या जागी सापडते. करणाऱ्यांनी स्वतःसाठी सगळ्यात अवघड काय निवडलं?

मग तो तुकडा तीनदा बघितला. एकदा नुसता बघितला. एकदा डोळे मिटून ऐकला: तोमोकाझु सेकी यांनी नवख्या कलाकाराचा आवाज दिलाय, त्यामुळे त्यांना कथा मुद्दाम अर्धी कच्ची सांगायची आहे, आणि तरी ती रंगायला हवी. तिसऱ्यांदा आवाज बंद करून बघितला, तेव्हा दिसलं की कॅमेरा कथेतल्या पात्रांकडे जातच नाही. चोर दाखवला नाही, त्याचं घर दाखवलं नाही. दिसतात ती बोटं, घामाचे थेंब, प्रेक्षकांत बसलेला त्याचा जुना टोळीवाला दादा, आणि त्याचे हळूहळू सैल पडणारे गाल. ॲनिमेशनला काहीही दाखवता येतं, पण इथे दाखवायचं नाही असं ठरवलंय. हे वाक्य सापडलं आणि परीक्षण झालं. बाकीच्या परिच्छेदांचं काम ते सिद्ध करायचं.

आणि दोषही लिहिला. मियोकिची या स्त्रीला मालिका बराच काळ दोन पुरुषांच्या मधला अडथळा म्हणूनच बघते. मेगुमी हायाशिबारा यांचा आवाज तिला लेखनापेक्षा जास्त माणूस करतो. मी याकुमोंचा आवाज देणाऱ्या आकिरा इशिदांवर तीन परिच्छेद लिहिले होते, ते कापून एक केला. प्रेम आटोपशीर असावं लागतं, निदान छापताना.

मूळ मांगा (जपानी कॉमिक्स) वाचलेला असलाच पाहिजे का?

नाही. वाचला असेल तर सांगा, आणि 'मांग्यात असं नव्हतं' हे एकच हत्यार चालवू नका. 'फुलमेटल अल्केमिस्ट' २००३ मध्ये आली तेव्हा मांगा अर्धवट होता, म्हणून मालिकेने ५१ भागांत स्वतःची वाट काढली. २००९ मध्ये 'ब्रदरहूड'ने ६४ भागांत मूळ कथा सांगितली. याद्यांमध्ये दुसरी फार वर आहे. मला पहिलीतलं दुःख जास्त खोल वाटतं. यावर मला समजावू नका, बऱ्याच जणांनी प्रयत्न करून झालेत.

स्पॉयलर, म्हणजे पुढची गोष्ट आधीच फोडणं, किती चालतं?

पहिल्या भागात जे आहे ते उघड. पुढचं सांगायचं असेल तर आधी इशारा.

उत्तान दृश्यांबद्दल तुम्ही इतकं का लिहिता? मजा म्हणून सोडून द्या ना.

शाळकरी मुलींकडे कॅमेरा ज्या नजरेने बघतो ती नजर मला सोडून देता येत नाही. चांगल्या मालिकांतही हे असतं, आणि 'तिकडे चालतं' हे उत्तर तिकडच्या अनेक प्रेक्षकांनाही मान्य नाही. मी बंदी घाला म्हणत नाही. कितव्या भागात काय आहे ते सरळ लिहिते. आईबाप मला या एका गोष्टीसाठी वाचतात, हेही मला माहीत आहे.

पूर्वी तुम्ही चोरून डाउनलोड करूनच बघत होतात ना?

होय. मित्राच्या मित्राकडून आलेल्या सीडीवर, चाहत्यांनी फुकट केलेल्या सबटायटलांसह. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात त्यांच्या टिपा असायच्या: अमुक सण म्हणजे काय, अमुक पदार्थ कसा खातात. माझं अर्ध जपान त्या टिपांतून आलंय. आता बहुतेक मालिका अधिकृतपणे, जपानमध्ये लागतात त्याच दिवशी इथे बघता येतात, म्हणून पैसे भरून बघते. जुन्या पापाचं समर्थन करत नाही, पण ते केलं नसतं तर ही ओळखच झाली नसती, हेही खरं.

स्वतःला 'ओताकू', म्हणजे ॲनिमे-मांगाचं वेड लागलेली, म्हणवता का?

इथे म्हणते, जपानमध्ये म्हणताना दोनदा विचार करीन. या अर्थाने तो शब्द १९८३ मध्ये आकिओ नाकामोरी यांनी एका मासिकातल्या लेखात वापरला आणि तो कौतुकाचा नव्हता. शब्दशः पाहिलं तर 'ओताकू' म्हणजे 'आपलं घर', म्हणजेच 'आपण', अगदी अदबीचं. एकमेकांना 'आपण' म्हणत बसणारी ही घुमी पोरं, असा तो टोमणा होता. पण ही पोरं घरात घुमी असली तरी एकत्र जमायला पहिल्यापासून उत्सुक होती. डिसेंबर १९७५ मध्ये टोकियोत पहिलं 'कॉमिकेट' भरलं, तेव्हा ३२ गट आणि सुमारे सातशे माणसं होती. स्वतः काढलेली, स्वतः छापलेली मासिकं विकायला आणि विकत घ्यायला. आता तेच टोकियो बिग साइटच्या प्रचंड दालनांत वर्षातून दोनदा भरतं.

मालिकेत दिसलेल्या खऱ्या जागा बघायला जाण्याला तिथे 'सेइची जुनरेइ' म्हणतात, म्हणजे सरळसरळ तीर्थयात्रा. साइतामातल्या वाशिनोमिया देवळात २००७ च्या 'लकी स्टार' मालिकेनंतर चाहत्यांची रीघ लागली आणि नवसाच्या लाकडी पाट्यांवर मालिकेतल्या मुलींची चित्रं दिसू लागली. देव बिचारा काय म्हणत असेल कोण जाणे.

भारतात खरंच एवढे चाहते आहेत?

२०१९ मध्ये शिंकाईंचा 'तेन्की नो को' भारतात थिएटरात लावा म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज केला. हजारोंनी सह्या केल्या आणि ऑक्टोबरात तो लागला. दिग्दर्शक स्वतः भारतात आले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'डीमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' आला तेव्हा अर्ज-विनंत्यांची गरजच राहिली नव्हती. मी सकाळच्या खेळाला गेले. पुढच्या रांगेत चौकोनांचं हिरवं-काळं हाओरी (किमोनोवरचं जाकीट) घातलेली दहावीतली मुलं, मागे त्यांना आणायला आलेले आणि तिकीट काढून आतच बसलेले बाबा.

त्याच वर्षी जानेवारीत युगो साको आणि आपले राम मोहन यांचं जपानी-भारतीय 'रामायण' पुन्हा थिएटरात आलं. १९८३ मध्ये साको इथे रामायणाशी जोडलेल्या उत्खननावर माहितीपट करायला आले आणि कथेत अडकले, तिथून हा चित्रपट झाला. मी आईला घेऊन गेले. मध्यंतरात तिने विचारलं, 'हे तुझ्यातलंच का गं?' मी हो म्हटलं. 'मग इतकी वर्षं ते आरडाओरडीचं काय बघत होतीस?'

कॉस्प्लेचे, म्हणजे पात्रांसारखं नटायचे, कपडे कुठून आणता?

शिवून घेते. 'नारुतो' मालिकेतल्या अकात्सुकी टोळीचा काळा कोट शिवायला टाकला तेव्हा लाल ढगांचं चित्र बघून मास्तरांनी विचारलं, 'ताई, कुठल्या पथकाचा गणवेश?' आता ते स्वतःच कॉलरला बक्रम किती लागेल ते सांगतात.

मला आवडणाऱ्या मालिकेवर तुम्ही इतकं वाईट का लिहिलंत?

हा प्रश्न नेहमी एवढ्या सभ्य शब्दांत येत नाही. एकदा मी एका अतिशय लोकप्रिय मालिकेचे वाभाडे काढले आणि शेवटी चलाख वाक्य टाकलं, की ही ज्यांना आवडते त्यांनी अजून काही पाहिलेलंच नाही. शिव्या आल्या, त्यांचं काही नाही. पण एका मुलाने लिहिलं, 'ताई, मी खरंच अजून काही पाहिलेलं नाही. बाबा दवाखान्यात होते तेव्हा मोबाइलवर एवढीच होती.' मालिकेबद्दलचं माझं मत तेच राहिलं. ते वाक्य मी काढलं, आणि त्यानंतर प्रेक्षकांवर निकाल देणारं वाक्य लिहिलेलं नाही. मालिकेला हवं ते बोला, ती सहन करते.

चाहत्यांचा राग किती टोकाला जातो याचं जुनं उदाहरण इव्हँजेलियनच. ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६, २६ भाग. शेवटच्या दोन भागांत महायुद्ध दाखवायचं सोडून हिदेआकी आन्नो यांनी नायकाच्या डोक्यात शिरून प्रश्नोत्तरं मांडली. संताप उसळला. जुलै १९९७ मध्ये दुसरा शेवट चित्रपट म्हणून आला आणि त्यात मध्येच चक्क थिएटरातल्या प्रेक्षकांची दृश्यं येतात. आपण पडद्याकडे बघतोय आणि पडद्यावर आपल्यासारखेच लोक बसलेत. त्याचा अर्थ काय यावर आजही भांडणं होतात. माझ्यापुरतं सांगायचं तर तिथे मला नेहमी पकडले गेल्यासारखं वाटतं.

माझ्या आईला/नवऱ्याला/साहेबांना काय दाखवू?

आईला 'मुशिशी'. २००५, २६ भाग, प्रत्येक स्वतंत्र. गावोगाव फिरणारा वैदूसारखा एक माणूस, आणि डोळ्यांना न दिसणारे जीव. आजीच्या गोष्टीसारखी वाटते. कष्टाळू, थकलेल्या माणसाला 'सांगात्सु नो लायन'. बुद्धिबळासारख्या शोगीचा एकटा पडलेला तरुण खेळाडू आणि त्याला जेवायला घालणाऱ्या तीन बहिणी. साहसकथा आवडणाऱ्याला २०२३ ची 'फ्रीरेन'. तिची सुरुवातच राक्षस मारून झाल्यावर होते. साहेबांना 'शिरोबाको'. मुदत पाळणं म्हणजे काय ते त्यांना कळेल, किंवा तुम्हाला.

एखाद्या मालिकेबद्दल तुमचं मत पार उलटलंय का?

२००९ चं 'हारुही सुझुमिया'. त्यात 'एंडलेस एट' नावाचे आठ भाग आहेत. उन्हाळी सुट्टीचे शेवटचे दोन आठवडे, १७ ते ३१ ऑगस्ट, पुन्हा पुन्हा घडत राहतात. आठही भागांत गोष्ट जवळपास तीच. पोहणं, बॉन हा पूर्वजांचा उत्सव, किडे पकडणं, फटाके. भाग नव्याने काढलेले, कपडे वेगळे, कोन वेगळे, आवाज पुन्हा रेकॉर्ड केलेले, पण तेच! जपानी प्रेक्षकांनी दोन महिने आठवड्यामागून आठवडा हे सोसलं. मी आठही एका रविवारी पाहिले आणि 'प्रेक्षकांची क्रूर थट्टा' असं शीर्षक देऊन मोकळी झाले.

मग २०१० चा 'हारुही'चा चित्रपट पाहिला. या चक्राची आठवण फक्त युकी नागातो या अबोल मुलीला राहते. १५,५३२ वेळा तीच सुट्टी, म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षं, तिने एकटीने काढली. ती पुढे जे करते ते मला एकदम पटलं, कारण आठ भागांचा वैताग माझ्याही अंगात होता. तीनच भाग असते तर तो चढला नसता. मी जुन्या परीक्षणाखाली दुसरं लिहिलं, पहिलं तसंच ठेवलं.

मग ते आठ भाग पुन्हा बघणार?

छे!